खांबांची रांग आणि तिरपे भिंग

बहिर्वक्र भिंगाच्या आकृत्या फळ्यावर काढून झाल्या की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, भिंग नेहमी सरळ उभंच का काढायचं? तिरपं धरलं तर काय होईल?" परीक्षेत असा प्रश्न येत नाही, त्यामुळे आपण बहुधा पुढे जातो. आम्हीही कित्येक वर्षे तेच केले. या प्रश्नाचे उत्तर शोधणे आम्हाला भाग पडले ते वर्गात नव्हे, तर जालना जिल्ह्यातील अन्वा या गावी, आणि तेही महागड्या फिल्मा वाया घालवल्यावर.

अन्वा हे भोकरदन तालुक्यातील गाव. तेथील जुने दगडी मंदिर लोकांत ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या सभामंडपातील कोरीव खांब मुद्दाम जाऊन पाहावेत असे आहेत. शाळेतील स्थानिक इतिहासाच्या दालनासाठी आम्हाला या खांबांच्या एका रांगेचे भिंतभर मोठे छायाचित्र हवे होते. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत सगळे कोरीवकाम स्पष्ट दिसले पाहिजे, अशी अट आम्हीच घालून घेतली होती. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी आपला लाकडी कॅमेरा, १५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग आणि ४ इंच बाय ५ इंच आकाराच्या चार फिल्मा आमच्या हवाली केल्या. "चारच आहेत, जपून वापरा," एवढेच ते म्हणाले.

असा कॅमेरा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन. पुढे भिंग बसवलेली एक पाटी, मागे दुधी काच असलेली दुसरी चौकट, आणि दोघींना जोडणारा पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता. डोक्यावर काळे कापड घेऊन दुधी काचेवर उलटी प्रतिमा पाहायची, फोकस साधायचा, आणि मग काचेच्या जागी फिल्म सरकवायची. नेहमीच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म एकमेकांना समांतर पक्की बसवलेली असतात. येथे तसे नाही. पुढची पाटी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवता येते. पुढे-मागे झुकवता येते आणि दाराच्या फळीसारखी बाजूलाही वळवता येते.

आम्हाला या सोयींचा उपयोग माहीत नव्हता. खांबांचे माथे चौकटीत यावेत म्हणून पहिल्या वेळी आम्ही सरळ अख्खा कॅमेराच वर रोखला. फिल्म धुतल्यावर दिसले की सगळे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कलले आहेत. दुसऱ्या फिल्मच्या वेळी कॅमेरा समपातळीत ठेवला आणि भिंगाची पाटी ३० मिलिमीटर वर सरकवली. खांब ताठ उभे राहिले, पण मधला खांब तेवढा स्पष्ट, जवळचा आणि लांबचा पुसट. दोन फिल्मा संपल्या. उरलेल्या दोन जपून ठेवून आम्ही परतलो.

सरकवणे वेगळे, वळवणे वेगळे

आधी सरकवण्याचे पाहू, कारण ते सोपे आहे. भिंग फिल्मवर जी प्रतिमा टाकते ती खरे तर एक मोठे वर्तुळ असते; फिल्म त्यातला एक आयत तेवढा कापून घेते. पाटी वर सरकवली म्हणजे वर्तुळ सरकते आणि फिल्म त्याचा दुसरा तुकडा घेते. १५० मिलिमीटरच्या भिंगाला ३० मिलिमीटर सरकवले की १० मीटर अंतरावरचे दृश्य २ मीटरने वर सरकते. समरूप त्रिकोणांचे हे साधे उदाहरण वर्गात करून घेण्यासारखे आहे. फिल्म मात्र उभीच राहते, खांबही उभेच. फिल्म आणि खांब समांतर असले की खांबांच्या प्रतिमाही समांतर राहतात. या सगळ्यात फोकसला धक्का लागत नाही. जे प्रतल स्पष्ट होते तेच स्पष्ट राहते.

आमची दुसरी फिल्म फसली ती फोकसमुळेच. आमच्या चौकटीत सर्वात जवळचा खांब २ मीटरवर आणि शेवटचा १० मीटरवर होता. पाठ्यपुस्तकातील सूत्र वापरा: २ मीटरवरील वस्तूची प्रतिमा भिंगामागे सुमारे १६२.२ मिलिमीटरवर पडते, १० मीटरवरील वस्तूची सुमारे १५२.३ मिलिमीटरवर. फरक जवळजवळ १ सेंटिमीटरचा. फिल्म एकाच ठिकाणी असणार, दोन्हीकडे कशी असेल? छिद्र लहान करत गेलो तर अस्पष्टता कमी होते हे खरे. फिल्मवर ०.१ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका चालेल असे धरले तर हिशेबाने छिद्र एफ/५० च्या आसपास आणावे लागते. मंडपातल्या अंधूक उजेडात एफ/२२ ला आठ सेकंद लागत असतील तर एफ/५० ला पाचपट, म्हणजे चाळीस सेकंद लागतील. त्यात मंद प्रकाशात फिल्म आळशी होते, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. शिवाय फार लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन सगळेच चित्र किंचित मऊ पडते. वाऱ्याने तिपाई हलण्याची भीती निराळीच.

येथे त्या विद्यार्थ्याचा प्रश्न कामाला येतो. खांब काही फिल्मला समांतर भिंतीवर नव्हते. ते एका रांगेत, आमच्यापासून लांब लांब जात होते. स्पष्टतेचे प्रतलच त्या रांगेवर नेऊन ठेवता आले तर?

फळ्यावरची आकडेमोड

भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर धरू. अक्षापासून १० सेंटिमीटर बाजूला, अक्षाला समांतर अशा रेषेवर काही मेणबत्त्या ठेवल्या आहेत. प्रत्येक मेणबत्तीची प्रतिमा भिंगामागे किती अंतरावर आणि अक्षापासून किती बाजूला पडेल ते काढायचे. (चिन्हांचा संकेत येथे बाजूला ठेवून सर्व अंतरे धन धरली आहेत.)

मेणबत्ती २० सेंटिमीटरवर असेल तर प्रतिमा २० वर आणि अक्षापासून १० बाजूला. ३० वर असेल तर प्रतिमा १५ वर आणि ५ बाजूला. ६० वर असेल तर १२ वर आणि २ बाजूला. ११० वर असेल तर ११ वर आणि १ बाजूला. अनंत अंतरावर असेल तर १० वर, थेट अक्षावर. प्रतिमा उलट असल्याने ही ‘बाजू’ मेणबत्त्यांच्या विरुद्ध बाजूला मोजायची.

हे बिंदू आलेखकागदावर मांडा. ते सगळे एका सरळ रेषेत येतात! प्रत्येक वेळी बाजूचे अंतर म्हणजे प्रतिमेच्या अंतरातून १० वजा केलेले. ही रेषा तशीच भिंगाच्या प्रतलापर्यंत वाढवा. प्रतिमेचे अंतर शून्य झाले की बाजूचे अंतर उणे १० येते, म्हणजे अक्षाच्या पलीकडे, मेणबत्त्यांच्या बाजूला १० सेंटिमीटर. मेणबत्त्यांची रेषा वाढवली तर तीही भिंगाच्या प्रतलाला नेमकी तेथेच भेटते. पडदा या तिरप्या रेषेवर उभा केला की जवळची आणि लांबची, सगळ्या मेणबत्त्या एकाच वेळी स्पष्ट होणार.

हा आकड्यांचा योगायोग नव्हे. वस्तूचे अंतर व, प्रतिमेचे प, नाभीय अंतर न, आणि रेषेचे अक्षापासूनचे अंतर ब मानू. प्रतिमेचे अक्षापासूनचे अंतर म्हणजे ब गुणिले प/व. सूत्राप्रमाणे १/व म्हणजे १/न वजा १/प, म्हणून प/व म्हणजे प/न वजा १. तेव्हा ते अंतर झाले (ब × प/न) − ब. हे सरळ रेषेचे समीकरण आहे, आणि प शून्य केला की उत्तर उणे ब. रेषा अक्षाला समांतर नसून तिरपी असली तरी हाच निष्कर्ष निघतो. ते दहावीच्या हुशार मुलांवर सोपवावे.

भाषेत सांगायचे तर वस्तूचे प्रतल, भिंगाचे प्रतल आणि पडद्याचे प्रतल ही तिन्ही एकाच रेषेत भेटली पाहिजेत, मग सारी वस्तू स्पष्ट दिसते. तिन्ही प्रतले समांतर असतील तर ती कोठेच भेटत नाहीत. आपण फळ्यावर वर्षानुवर्षे काढतो ती आकृती म्हणजे ही खास स्थिती.

प्रयोग करून पाहायला खर्च नाही. दुपारी खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून वाचनाच्या भिंगाचे नाभीय अंतर काढा. ते १० सेंटिमीटर असेल तर वरचेच आकडे चालतील, नसेल तर सगळी अंतरे त्या प्रमाणात वाढवा. टेबलावर खडूने भिंगाची रेषा, अक्ष आणि मेणबत्त्यांची रेषा आखा. ३०, ६० आणि ११० सेंटिमीटरवर मेणबत्त्या ठेवा, ज्योती भिंगाच्या मध्याच्या उंचीवर आणा, खोलीत अंधार करा. आधी पांढरे कार्ड भिंगाला समांतर धरा. एक ज्योत स्पष्ट झाली की बाकीच्या पसरतात. आता खडूच्या रेषांच्या छेदबिंदूतून जाणाऱ्या ४५ अंशांच्या तिरप्या रेषेवर कार्ड उभे करा. साधे भिंग तिरकस किरणांना नीट हाताळत नाही, म्हणून जवळच्या ज्योतीला थोडी शेपटी फुटेल. काळ्या कागदाला रुपयाएवढे भोक पाडून तो भिंगावर लावला की ती बरीच कमी होते.

बिजागरी

प्रयोगात आपण पडदा तिरपा केला. छायाचित्रात तसे करणे परवडत नाही, कारण फिल्म कलली वा वळली की खांबांचे आकार बदलतात, अंतरांचे प्रमाण बिघडते. म्हणून फिल्म जागेवर ठेवून भिंग वळवायचे. दोघांमधला कोन महत्त्वाचा.

पण किती वळवायचे? दुधी काचेवर पाहत पाहत अंदाजाने करता येते. जुन्या छायाचित्रकारांचा मंत्र असा की लांबच्या वस्तूवर फोकस करा, जवळच्या वस्तूसाठी भिंग वळवा. वळवल्यावर लांबचे बिघडते, ते पुन्हा जुळवा. मग जवळचे पुन्हा. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जमतात. भिंग स्वतःच्या मध्याभोवती वळत असेल तर लवकर जमते. पाटी एका कडेवर वळत असेल तर प्रत्येक वेळी भिंग पुढे-मागे जाते आणि फेऱ्या वाढतात. आमच्या कॅमेऱ्यात दुसरा प्रकार होता, त्यामुळे कापडाखाली घाम निघाला.

कॅनडातील हॅरॉल्ड मर्कलिंगर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यापेक्षा सुटसुटीत रीत दिली आहे. ती आम्हाला दाराच्या उपमेने समजली. स्पष्टतेचे प्रतल म्हणजे एक दार समजा. त्याची बिजागरी भिंगापासून बाजूला, फिल्मला समांतर दिशेत काही अंतरावर उभी असते. ते अंतर ठरते फक्त दोन गोष्टींनी: नाभीय अंतर आणि भिंग व फिल्म यांतील कोन. नाभीय अंतराला कोनाच्या साइनने भागले की बिजागरीचे अंतर मिळते. फोकसचा खटका फिरवून फिल्म पुढे-मागे केली तर दार जवळ-लांब सरकत नाही. ते बिजागरीवर फिरते. नेहमीच्या कॅमेऱ्याची सवय असलेला माणूस येथेच गोंधळतो. त्याला वाटते, खटका फिरवला की स्पष्टता पुढे जाईल. प्रत्यक्षात ती वळते. कोनाने चौकट कोठे बसवायची ते ठरते, खटक्याने दार किती उघडायचे ते.

(मेणबत्त्यांच्या प्रयोगातही हे पडताळता येते. मात्र बिजागरीचे अंतर पडद्याला समांतर मोजायचे, भिंगाला नव्हे. ते १४.१ सेंटिमीटर येते, आणि १० भागिले १४.१ म्हणजे ४५ अंशांची साइन.)

आमची रांग कॅमेऱ्याच्या डावीकडे होती, खांबांची मध्यरेषा भिंगापासून १ मीटर बाजूला. म्हणजे बिजागरी १ मीटरवर हवी. १५० भागिले १००० म्हणजे ०.१५, कोन साडेआठ अंशांहून किंचित जास्त. कॅमेऱ्यावर अंशांच्या खुणा नव्हत्या, पण त्यांची गरजही पडली नाही. १० सेंटिमीटर रुंदीच्या पाटीची उजवी कड डावीपेक्षा दीड सेंटिमीटर पुढे आली की झाले, म्हणजे भिंगाचे तोंड थोडे रांगेकडे वळते. हे पट्टीने मोजता येते. मग लांबच्या खांबावर फोकस केला की दार रांगेवर येऊन बसते. हे नाजूक काम आहे. फिल्म १ मिलिमीटर मागे नेली तरी दार अडीच अंशांनी फिरते आणि १० मीटरवर त्याची जागा सुमारे ४३ सेंटिमीटरने बदलते. म्हणून फोकस साधताना छिद्र पूर्ण उघडे ठेवावे, म्हणजे चूक लगेच दिसते. छिद्र बारीक करायचे ते सगळ्यात शेवटी.

छिद्र बारीक केल्यावर दाराला जाडी येते, पण ती सारखी नसते. बिजागरीपाशी ती शून्य असते आणि लांब जावे तशी पाचरीसारखी वाढते. एफ/२२ ला आमच्या मांडणीत २ मीटरवर दाराच्या दोन्ही बाजूंना सुमारे २० सेंटिमीटर, तर १० मीटरवर सुमारे १ मीटर स्पष्टता मिळत होती. खांबाच्या मध्यापासून कडेपर्यंत सुमारे २० सेंटिमीटरच होते, म्हणजे पहिला खांब जेमतेम मावला. बिजागरी खांबांच्या दर्शनी बाजूच्या रेषेवर न ठेवता मध्यरेषेवर ठेवली ती याचसाठी. जे काम सरळ भिंगाला एफ/५० ला जमले असते, ते आता एफ/२२ ला होत होते.

हे सर्वत्र चालेल असे मात्र नाही. जवळ, रांगेपासून दूर, समोरच एखादा खांब आला असता तर तो पाचरीच्या बाहेर पडून पूर्वीपेक्षा जास्त पुसट झाला असता. अशा वेळी भिंग सरळ ठेवून छिद्र बारीक करणेच बरे. भिंग वळवल्याने स्पष्टता वाढत नाही, ती फक्त हव्या त्या जागी नेता येते. उंचावरून काढलेले गाव खेळण्यातल्यासारखे दिसणारी छायाचित्रे आपण पाहतो, ती याच तंत्राचा उलटा वापर करून काढतात: दार मुद्दाम दृश्याला आडवे लावायचे.

तिसरी फिल्म. रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट आली, पण वरचा उजवा कोपरा काळा! कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. भिंगाचा अक्ष डावीकडे वळला की भिंगामागे प्रकाशाचे वर्तुळ उजवीकडे सरकते. आमच्या कोनाला सुमारे २३ मिलिमीटर. त्यात पाटी ३० मिलिमीटर वर सरकवलेली. दोन्ही मिळून फिल्मचा एक कोपरा वर्तुळाच्या मध्यापासून सुमारे ११४ मिलिमीटर लांब गेला, आणि आमच्या भिंगाच्या वर्तुळाची त्रिज्या होती १०५. पायथागोरसचे प्रमेय वापरून हे आधीच काढता आले असते: फिल्मवरचे चित्र १२० बाय ९६ मिलिमीटर, तेव्हा आडव्या दिशेने ६० आणि २३, उभ्या दिशेने ४८ आणि ३०. पाटी १५ मिलिमीटरच वर ठेवली तर कोपरा १०४ वर येतो. चौथी फिल्म तशी घेतली. खांबांच्या माथ्यांवरचे थोडे छत गेले, त्याला इलाज नव्हता.

नकाशा आणि डोळा

तीन प्रतलांच्या या नियमाला ऑस्ट्रियातील थिओडोर शाइमफ्लुग (१८६५–१९११) यांचे नाव आहे. त्यांना मंदिरांत रस नव्हता, नकाशांत होता. फुग्यातून काढलेले जमिनीचे छायाचित्र तिरपे येते. त्यावरून नकाशा करायचा तर ते तिरप्या टेबलावर प्रक्षेपित करून सरळ करावे लागते, आणि टेबल तिरपे केले की अर्धे चित्र पुसट होते. या अडचणीतून वाट काढून त्यांनी १९०४ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतले. त्यात पॅरिसच्या झ्यूल कार्पांतिए यांच्या १९०१ च्या पेटंटचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. नाव मात्र शाइमफ्लुग यांचेच राहिले.

आज याच नियमाचा मोठा उपयोग डोळ्यांच्या तपासणीत होतो. जालना शहर आणि नेत्रोपचार हे नाते गणपती नेत्रालयामुळे दूरवर माहीत आहे, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील मुलांना हे उदाहरण जवळचे वाटेल. मोठ्या नेत्ररुग्णालयांत ‘शाइमफ्लुग कॅमेरा’ असतो. समोरून डोळ्यात प्रकाशाची एक बारीक फट सोडतात. पारपटलापासून नेत्रभिंगापर्यंतचा उभा काप तिने उजळतो. कॅमेरा तो काप बाजूने, ४५ अंशांतून पाहतो. कापाची एक कड जवळ, दुसरी लांब, आपल्या मेणबत्त्यांसारखीच. प्रतिमा टिपणारे प्रतल योग्य कोनात तिरपे बसवलेले असल्याने सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे पारपटल आणि त्यामागचे नेत्रभिंग एकाच चित्रात स्पष्ट येतात. कॅमेरा डोळ्याभोवती फिरत काही सेकंदांत असे अनेक काप घेतो. प्रतल तिरपे असल्याने काप एका बाजूला मोठा, दुसऱ्या बाजूला लहान दिसतो. ती दुरुस्ती संगणक करतो. पारपटल कोठे पातळ झाले आहे, ते शंकूसारखे पुढे येत आहे का, मोतीबिंदू किती दाट आहे, हे त्यावरून मोजतात.

संगणकाने खांबही सरळ करता येतात, असे कोणी म्हणेल. येतात, वरच्या बाजूचे चित्र ताणून रेषा समांतर करता येतात, आणि ताणलेल्या भागातील बारकावा तेवढा विरळ होतो. पण जी प्रतिमा मुळात पसरून आली तिच्यातली कोरीव नक्षी जशीच्या तशी परत मिळवता येत नाही.

चौथे छायाचित्र आता शाळेच्या दालनात लावले आहे. मुले आधी खांबांवरची शिल्पे मोजतात. मग एखादा शेवटच्या खांबापाशी नाक नेतो आणि विचारतो, की हा इतका लांबचा, तरी पुसट कसा नाही?